पाइन वृक्षांचा गंध आणि साल पोखरणारे भुंगेरे

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी १९९० च्या दशकापासून कोट्यवधी पाइन वृक्षांचा नाश केला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियापासून अमेरिकेतील कोलोरॅडोपर्यंत डोंगरच्या डोंगर आधी तांबूस झाले आणि नंतर करडे पडले. हा नाश डोळ्यांना दिसणारा होता. त्याच्याच जोडीने आणखी एक बदल घडत होता, मात्र तो दिसणारा नव्हता. किडीने ग्रासलेली झाडे हवेत जी रसायने सोडत होती त्यांचे प्रमाण वाढत होते आणि त्यांचे स्वरूपही पालटत होते.

सदर्न इलिनॉय विद्यापीठातील कारा हफ हार्ट्झ, डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधील गॅनेट हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध केला. लॉजपोल पाइन या जातीच्या निरोगी आणि कीडग्रस्त झाडांची त्यांनी तुलना केली. कीडग्रस्त झाडांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांचे एकूण प्रमाण निरोगी झाडांच्या ५ ते २० पट असल्याचे त्यांना आढळले.

'वीस पट' हा आकडा मथळ्यासाठी सोयीचा आहे, आणि त्या वेळी तो मथळ्यांत आलाही. परंतु झाडाचा गंध का वाढतो, तो कोणाच्या उपयोगी पडतो आणि झाड मेल्यावर त्याचे काय होते, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

राळ: झाडाचे पहिले संरक्षण

पाइनच्या खोडात, फांद्यांत आणि सुईसारख्या पानांत राळेच्या बारीक नलिकांचे जाळे असते. सालीला छिद्र पडले की दाबाखाली असलेली राळ त्या छिद्रातून बाहेर येते. आत शिरू पाहणारा कीटक तिच्यात अडकतो किंवा तिच्या प्रवाहाबरोबर बाहेर फेकला जातो. काही वेळाने राळ घट्ट होते आणि जखम बुजते.

राळेचे दोन भाग असतात. एक भाग जड व चिकट असतो. तो मागे राहून घट्ट होतो. दुसरा भाग हलका असून त्याची सहज वाफ होते. हा दुसरा भाग प्रामुख्याने मोनोटर्पीन वर्गातील संयुगांचा असतो. कार्बनचे १० आणि हायड्रोजनचे १६ अणू असलेल्या या रेणूंचे अनेक प्रकार आहेत: अल्फा-पाइनीन, बीटा-पाइनीन, बीटा-फेलँड्रीन, लिमोनीन, मायर्सीन, थ्री-कॅरीन. रंगकामासाठी वापरल्या जाणाऱ्या टर्पेंटाइनचा परिचित उग्र वास याच संयुगांचा असतो.

या रसायनशास्त्राशी भारताचा संबंध जुना आहे. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडातील चीड हा पाइनचाच एक प्रकार असून त्याच्या खोडाला खाच पाडून राळ गोळा करण्याचा व्यवसाय तेथे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन लायोनेल सायमनसन यांनी १९२० च्या सुमारास भारतीय टर्पेंटाइनमधील थ्री-कॅरीन आणि लाँगिफोलीन या संयुगांचा अभ्यास केला. लाँगिफोलीन हे नावच मुळी चीड वृक्षाच्या 'पायनस लाँगिफोलिया' या जुन्या शास्त्रीय नावावरून आले आहे. पुढे याच संयुगावर सुख देव यांनी विस्तृत संशोधन केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील टर्पीनविषयक कार्यासाठी त्यांचे नाव ओळखले जाते.

मोनोटर्पीन कीटकांना विषारी असतात. मात्र सर्व मोनोटर्पीन सारखे विषारी नसतात आणि सर्व पाइन वृक्षांत त्यांचे मिश्रणही एकसारखे नसते. एकाच जातीच्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांतही फरक असतो. पुढील सर्व घडामोडींचे मूळ या फरकात आहे.

हल्ल्यानंतर काय बदलते

रॉकी पर्वतरांगेतील प्रमुख उपद्रवी कीटक 'माउंटन पाइन बीटल' या नावाने ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी असते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मादी झाड निवडते, साल पोखरून आत शिरते आणि सालीखालच्या मऊ थरात उभा बोगदा करून अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच थरावर पोसतात, तेथेच हिवाळा काढतात आणि पुढील उन्हाळ्यात प्रौढ होऊन बाहेर पडतात. भुंगेरा आपल्याबरोबर लाकडाला निळसर डाग पाडणारी बुरशीही आणतो. ती खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या भागात पसरते. एकीकडे अन्नवाहक थर खाल्ला जातो, दुसरीकडे पाणी तुटते, आणि झाड मरते.

या हल्ल्यामुळे झाडाचा गंध दोन मार्गांनी वाढतो. पहिला मार्ग साधा आहे. एरवी सालीच्या आड बंद असलेली राळ शेकडो छिद्रांतून बाहेर येते आणि तिच्यातील हलका भाग हवेत उडून जातो. अशा झाडाच्या खोडावर मक्याच्या लाहीसारखे दिसणारे राळेचे गोळे ठिकठिकाणी चिकटलेले असतात. भुशाने माखलेले हे गोळे हीच वनरक्षकांच्या दृष्टीने हल्ल्याची पहिली खूण असते.

दुसरा मार्ग झाडाच्या आतील आहे. भुंगेऱ्याची आणि बुरशीची चाहूल लागताच झाड नव्याने मोनोटर्पीन तयार करू लागते. जखमेच्या भोवतालच्या ऊतींमध्ये त्यांचे प्रमाण काही दिवसांत मूळ पातळीच्या अनेक पटींनी वाढते. या प्रतिसादामागे जॅस्मोनिक आम्ल आणि त्याच्याशी संबंधित संदेशवाहक संयुगे असतात. मिथाइल जॅस्मोनेट हे संयुग बाहेरून लावले असता कीड नसतानाही सूचिपर्णी वृक्ष राळेच्या नव्या नलिका तयार करतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

या वाढीत सर्व घटक सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. २०१२ च्या अभ्यासात खोडाजवळची आणि शेंड्याकडील हवा गंध शोषून घेणाऱ्या पदार्थांनी भरलेल्या नळ्यांमध्ये गोळा करण्यात आली. नंतर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्या साहाय्याने तिच्यातील घटक वेगळे करण्यात आले. त्यात बीटा-फेलँड्रीन या घटकाची वाढ आणि भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव यांचा स्पष्ट संबंध दिसून आला. गंधाचे प्रमाण आणि त्याची घडण या दोहोंवरून कीडग्रस्त झाड ओळखता येऊ शकेल, असे संशोधकांनी नमूद केले.

बाधित झाडाची पाने पहिले वर्षभर हिरवीच राहतात. पुढील उन्हाळ्यात ती तांबूस होतात आणि त्यानंतर काही वर्षांत गळून पडतात. या मधल्या काळात पानांचे रसायनशास्त्रही बदलते. यूटा राज्यातील संशोधकांनी २०१२ मध्येच प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार, तांबूस झालेल्या पानांतील पाण्याचे प्रमाण निरोगी पानांच्या तुलनेत अत्यंत कमी झालेले होते. त्याचबरोबर पानांतील काही टर्पीन आणि पान पेट घेण्याची सुलभता यांचा संबंध आढळला. अशा वनांतील वणव्यांचा विचार करताना केवळ पानांच्या कोरडेपणावर भागत नाही, हे त्यावरून लक्षात येते.

झाडाचे शस्त्र, भुंगेऱ्याची हाक

राळ एवढी प्रभावी असेल तर झाडे मरतात कशी? याचे उत्तर भुंगेऱ्यांच्या संख्येत आहे, आणि ती संख्या जमवण्याचे साधन त्यांना झाडच पुरवते.

एकटी मादी सशक्त पाइनला मारू शकत नाही. राळ तिला थोपवते. परंतु राळेतील अल्फा-पाइनीन हे विष ती आपल्या शरीरात ऑक्सिडीकरणाने ट्रान्स-व्हर्बेनॉल या संयुगात रूपांतरित करते आणि ते हवेत सोडते. या गंधाने इतर भुंगेरे, नर आणि मादी दोन्ही, त्याच झाडाकडे खेचले जातात. आलेले नर एक्झो-ब्रेव्हिकोमिन नावाचे दुसरे संयुग सोडतात आणि हाक अधिक तीव्र होते. झाडाचा स्वतःचा मायर्सीनसारखा गंधही या हाकेत मिसळतो. म्हणजे झाड जितकी अधिक राळ वाहवते तितका त्याचा पत्ता दूरवर पोहोचतो. भारतातील शेतकऱ्यांना बोंडअळीसाठी लावले जाणारे कामगंध सापळे परिचित आहेत. त्यांत मादीच्या गंधाने नर पतंग येतात. येथे गंध सबंध झुंडीला बोलावतो, एवढाच फरक.

ब्रिटिश कोलंबियातील संशोधकांनी २०१८ मध्ये या प्रक्रियेतील आणखी एक दुवा उजेडात आणला. भुंगेरा अळीच्या अवस्थेत असतानाच ज्या झाडात तो वाढतो त्यातील मोनोटर्पीनपासून काही संयुगे बनवून शरीरात साठवून ठेवतो. प्रौढ झालेली मादी नवे झाड गाठल्यावर त्या साठ्यातून ट्रान्स-व्हर्बेनॉल मोकळे करते. मेलेल्या झाडाचा गंध अशा रीतीने पुढच्या झाडावरील हल्ल्यासाठी वापरला जातो.

हल्ला यशस्वी होण्यासाठी लॉजपोल पाइनच्या सालीवर दर चौरस मीटरला साधारण ४० भुंगेऱ्यांनी छिद्रे पाडावी लागतात, असे १९८० च्या दशकातील संशोधनात दाखवण्यात आले होते. त्याहून कमी असतील तर झाड वाचते, आणि अधिक असतील तर राळेचा साठा अपुरा पडतो. दुष्काळात झाडाकडे राळ बनवण्यासाठी लागणारी साधनसामग्रीच कमी असते. त्यामुळे ही मर्यादा खाली येते.

भुंगेऱ्याला येथे साथीदारही मिळतात. त्याच्याबरोबर येणाऱ्या 'ग्रॉसमॅनिया क्लॅव्हिजेरा' या बुरशीचा जनुकसंच २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. राळेच्या विषारी घटकांना तोंड देण्याची जनुकीय व्यवस्था तिच्यात असल्याचे त्यातून दिसून आले. भुंगेऱ्याशी निगडित जीवाणूंमध्येही टर्पीनचे विघटन करणारी जनुके मोठ्या प्रमाणात असल्याचे २०१३ मध्ये आढळले.

झाड भरले की हाक थांबवण्याचीही सोय आहे. अल्फा-पाइनीन आणि ट्रान्स-व्हर्बेनॉल यांपासूनच पुढे व्हर्बेनोन हे संयुग तयार होते आणि त्यात भुंगेऱ्यांबरोबरच्या सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. व्हर्बेनोनचे प्रमाण वाढले की नवे भुंगेरे त्या झाडाकडे न येता शेजारच्या झाडाकडे वळतात. अर्थात, हे सर्व संदेश फक्त भुंगेऱ्यांपुरते राहत नाहीत. साल पोखरणाऱ्या कीटकांवर जगणारे थॅनासिमस जातीचे शिकारी भुंगेरेही हाच वास घेत येतात.

जंगलावरची हवा

पाइनचा गंध हवेत गेल्यावर तसाच राहत नाही. मोनोटर्पीनची ओझोन आणि हायड्रॉक्सिल यांच्याशी काही मिनिटांत ते काही तासांत अभिक्रिया होते. त्यातून तयार होणाऱ्या पदार्थांची वाफ सहज होत नाही. ते एकत्र येऊन किंवा आधीच्या कणांवर साचून अतिसूक्ष्म कण बनतात. शास्त्रीय परिभाषेत त्यांना दुय्यम सेंद्रिय एरोसोल म्हणतात.

वनांवर उन्हाळ्यात दिसणाऱ्या निळसर धूसरतेचे कारण वनस्पतींतून निघणारी टर्पीन असावीत, असा विचार डच वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेन्ट यांनी १९६० मध्ये मांडला होता. त्या वेळी तो अनेकांना चमत्कारिक वाटला. पुढील काळात फिनलंडमधील ह्युतियाला येथील पाइनच्या वनातील वेधशाळेत आणि इतरत्र झालेल्या मोजमापांनी त्याला आधार मिळाला. अल्फा-पाइनीनपासून अगदी कमी बाष्पनशील असे पदार्थ थेट आणि वेगाने तयार होतात, हे २०१४ मध्ये दाखवण्यात आले.

असे कण सूर्यप्रकाश विखुरतात, दृश्यमानता कमी करतात आणि मेघबिंदूंना केंद्रही पुरवतात. मोटारी आणि वीजकेंद्रे यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे हवेत असतील, तर हीच संयुगे जमिनीलगतच्या ओझोनच्या निर्मितीलाही हातभार लावतात. अमेरिकेत हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. राष्ट्रीय उद्याने आणि वनक्षेत्रे यांमधील दृश्यमानता सुधारण्यासाठी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये नियम केले आणि त्यांनुसार राज्यांना आराखडे तयार करावे लागतात. धूसरतेतील किती भाग माणसाचा आणि किती झाडांचा, हे ठरवल्याशिवाय असा आराखडा करता येत नाही. कीडग्रस्त जंगल ही आकडेमोड बिघडवते.

'वीस पट' या आकड्याकडे येथे पुन्हा वळावे लागते. ती वाढ हल्ल्याखालील जिवंत झाडाची आहे. त्याच झाडाची पाने वाळून गळाली की पानांतून वर्षानुवर्षे होणारे उत्सर्जन कायमचे थांबते. म्हणजे एखाद्या टापूत काही झाडे जोराने गंध सोडत असतात, तर आधीच मेलेली काही झाडे मूक झालेली असतात. पश्चिम उत्तर अमेरिकेसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रतिमानाच्या अभ्यासात या दोन परस्परविरुद्ध परिणामांचा स्वतंत्र विचार करण्यात आला. कोणता परिणाम वरचढ ठरेल हे उद्रेकाच्या टप्प्यावर, झाडाच्या जातीवर आणि मेलेल्या झाडांच्या प्रमाणावर अवलंबून राहते. एका झाडावरील मोजमापाला संपूर्ण जंगलाच्या क्षेत्रफळाने गुणून उत्तर काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

उद्रेकाची व्याप्ती पाहता हा प्रश्न लहान नव्हे. एकट्या ब्रिटिश कोलंबियात सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर क्षेत्राला कमी-अधिक झळ पोहोचली. हे क्षेत्र कर्नाटक राज्याच्या क्षेत्रफळाच्या जवळपास जाते. त्या प्रांतातील व्यापारी उपयोगाच्या पाइन लाकडापैकी निम्म्याहून अधिक नष्ट झाले. कॅनडाच्या वनसेवेतील वेर्नर कुर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार, ३ लाख ७४ हजार चौरस किलोमीटरच्या अभ्यासक्षेत्रात या उद्रेकामुळे २००० ते २०२० या काळात २७ कोटी टन कार्बनचा फटका बसणार होता. कार्बन शोषून घेणारे जंगल कार्बन सोडणारे होईल, असा त्याचा अर्थ होता.

हिवाळा सौम्य झाला

हा भुंगेरा बाहेरून आलेला नाही. तो तेथील जंगलाचा जुना रहिवासी आहे आणि त्याचे लहानमोठे उद्रेक पूर्वीही होत असत. त्याला आवर घालणारा मुख्य घटक थंडी हा होता. हिवाळ्यात अळ्या शरीरात ग्लिसरॉल साठवून गारठ्याला तोंड देतात, परंतु उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी त्यांतील बहुतेकांना मारते. असे हिवाळे कमी झाले. वणवे विझवण्याच्या दीर्घकालीन धोरणामुळे एकाच वयाची जुनी झाडे मोठ्या क्षेत्रावर उभी होती आणि त्यांत दुष्काळाची भर पडली.

तापमान वाढल्याने भुंगेरा पूर्वी जेथे क्वचितच टिकत असे अशा उंचीवर पोहोचला. तेथे त्याला व्हाइटबार्क पाइन ही जात भेटली. केनेथ राफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यलोस्टोनच्या परिसरात व्हाइटबार्क आणि लॉजपोल या दोन जातींची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भुंगेऱ्याशी दीर्घकाळ सामना करत आलेल्या लॉजपोलच्या तुलनेत व्हाइटबार्कचे रासायनिक संरक्षण दुबळे होते. उलट भुंगेऱ्याला झाड शोधण्यासाठी व परस्परांना बोलावण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या संयुगांचे प्रमाण तिच्यात अधिक होते. व्हाइटबार्कच्या बिया अस्वलांचे आणि पक्ष्यांचे महत्त्वाचे खाद्य आहेत. भुंगेरा, बाहेरून आलेला एक बुरशीजन्य रोग आणि बदलते हवामान यांमुळे या जातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'धोक्यातील' जातींच्या यादीत समाविष्ट केले.

मात्र उंचावरचे सर्व पाइन असे दुबळे नाहीत. कॅलिफोर्निया, नेवाडा आणि यूटा या राज्यांत वाढणाऱ्या ग्रेट बेसिन ब्रिसलकोन पाइनची काही झाडे ४,८०० वर्षांहून अधिक जुनी आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या जातीतील संरक्षक संयुगांचे प्रमाण शेजारच्या इतर पाइनपेक्षा बरेच अधिक आढळले आणि भुंगेऱ्याने मारलेली ब्रिसलकोनची झाडे जवळपास दिसून आली नाहीत.

गंधाचाच उपाय

भुंगेऱ्याचा 'जागा नाही' असा संदेश माणसालाही वापरता येतो. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या व्हर्बेनोनच्या लहान पिशव्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडांच्या खोडांना टाचल्या जातात. विश्रामस्थळांवरील जुनी झाडे किंवा बियांसाठी राखून ठेवलेली व्हाइटबार्कची निवडक झाडे वाचवण्यासाठी हा मार्ग अवलंबला जातो. भुंगेऱ्यांची संख्या मर्यादित असेल तोवर त्याचा उपयोग होतो. उद्रेक भरात असताना मात्र झुंडी या संदेशाला जुमानत नाहीत, असा अनुभव आहे. संबंध पर्वतावर अशा पिशव्या टाचणे तर व्यवहार्यच नाही.

गंधाने बोलावून मारण्याचा उलटा मार्गही आहे आणि भारतातील वनखात्यांना तो परिचित आहे. मध्य भारतातील शाल वृक्षांचे खोड पोखरणारा भुंगेरा ताज्या तोडलेल्या शालाच्या रसाकडे आकर्षित होतो. म्हणून पावसाळ्यात काही झाडे तोडून, त्यांचे ओंडके ठेचून जंगलात ठेवले जातात आणि त्यांवर जमलेले भुंगेरे वेचून मारले जातात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात या किडीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली होती. शाल आणि पाइन यांचे कुळ वेगळे, भुंगेऱ्यांचेही कुळ वेगळे. परंतु जखमी झाडाचा वास किडीला वाट दाखवतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

पूर्वेकडील वाट

ब्रिटिश कोलंबियातील भुंगेऱ्यांची मोठी झुंड २००६ मध्ये वाऱ्यावरून रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टा प्रांतात उतरली. तेथे लॉजपोल पाइनचे क्षेत्र संपून जॅक पाइनचे क्षेत्र सुरू होते. जॅक पाइनची वने कॅनडाच्या उत्तर भागातून थेट अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरली आहेत. नैसर्गिक वनातील शुद्ध जॅक पाइनवर भुंगेऱ्याने यशस्वी हल्ला केल्याचे जनुकीय चाचणीच्या आधारे २०११ मध्ये निश्चित झाले.

जॅक पाइनच्या राळेत अल्फा-पाइनीन भरपूर असते. भुंगेऱ्याला हाक तयार करण्यासाठी लागणारा कच्चा माल हाच. नदीम एर्बिलगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, जुन्या आणि नव्या यजमान वृक्षांतील हे रासायनिक साम्य भुंगेऱ्याच्या विस्ताराला पोषक असल्याचे म्हटले आहे. दुसरीकडे जॅक पाइनची खोडे सामान्यतः बारीक व साल पातळ असते आणि झाडेही विरळ असतात. त्यामुळे तेथे ब्रिटिश कोलंबियासारखा भडका उडेलच, असे सांगता येत नाही. २०१९ नंतरच्या कडक हिवाळ्यांनी आणि नियंत्रणाच्या मोहिमांनी अल्बर्टातील भुंगेऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली.

या मोहिमांची पद्धत ठरलेली आहे. आधी हेलिकॉप्टरमधून तांबूस झाडे हेरली जातात. परंतु झाड वरून तांबूस दिसते तेव्हा भुंगेरे त्यातून उडून गेलेले असतात. म्हणून पथके जमिनीवरून त्या जागी पोहोचतात आणि भोवतालच्या हिरव्या झाडांच्या खोडांवर राळेचे गोळे शोधतात. ज्या झाडांवर ते सापडतात ती झाडे, आतील अळ्यांना पंख फुटण्यापूर्वी, हिवाळ्यातच तोडून जाळली जातात.